ज्यू डावे : ‘इथे’ आणि ‘तिथे’

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२७ ऑक्टोबर २०२३ या दिवशी न्यूयॉर्क शहरात दोन गोष्टी घडल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने गाझामध्ये तातडीने मानवतावादी युद्धविराम व्हावा असा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला. त्या मतदानात भारताचा प्रतिनिधी तटस्थ राहिला. त्याच संध्याकाळी, तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावरील ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात मोठ्या संख्येने ज्यू स्त्रीपुरुषांनी ठाण मांडले. ‘आमच्या नावावर हे नको’ अशा आशयाचे शब्द त्यांच्या काळ्या सदऱ्यांवर होते. पोलिसांनी शेकडो लोकांना हात बांधून नेले. निदर्शनांचे संयोजन १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘ज्यूइश व्हॉइस फॉर पीस’ या संस्थेने केले होते. ज्या देशाने १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिले आणि १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता दिली, त्या देशाचा प्रतिनिधी सभागृहात मौन पाळत असताना ज्यू तरुण इस्रायलच्या धोरणाविरुद्ध अटक करून घेत होते.

आपल्याकडे पॅलेस्टाईनविषयीच्या चर्चेत ‘ज्यू’ आणि ‘इस्रायल’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. इस्रायलच्या पराक्रमाची आरती ओवाळणारे हिंदुत्ववादी तसे हेतुपुरस्सर करतात. पॅलेस्टिनींची बाजू घेणारे पुष्कळदा निष्काळजीपणाने करतात. परिणाम मात्र एकच होतो. दीड कोटीच्या आसपास लोकसंख्येचा, अनेक देशांत विखुरलेला, वर्ग, भाषा व वर्ण यांनी विभागलेला समाज एका सरकारच्या दावणीला बांधला जातो. नेतन्याहूंनाही नेमके हेच हवे असते. या समाजातील डाव्या विचारांची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचा प्रत्येक कालखंड आपसांतील कडाक्याच्या भांडणांनी भरलेला आहे.

या भांडणाचे मूळ १८९७ या वर्षात सापडते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने बाझल येथे पहिली झायोनवादी परिषद भरली. तेथे प्रतिष्ठित मंडळी समारंभी पोशाखात जमली होती. पुढे थोड्याच आठवड्यांनी, ऑक्टोबरमध्ये, रशियन साम्राज्यातील विल्ना शहरी मूठभर माणसे पोलिसांची नजर चुकवून एकत्र आली आणि त्यांनी ज्यू कामगारांच्या ‘बुंद’ या पक्षाची स्थापना केली. शिंपी, कातडी कमावणारे, सिगारेट वळणारे, ब्रशासाठी डुकराचे राठ केस साफ करणारे असे लोक या पक्षाचा कणा होते. त्यानंतर पाच महिन्यांनी मिन्स्क येथे रशियन सोशल डेमॉक्रॅटिक पक्ष जन्मास आला, तेव्हा उपस्थित नऊ प्रतिनिधींपैकी तीन बुंदचे होते. १९०३ च्या दुसऱ्या अधिवेशनात ज्यू कामगारांचे प्रतिनिधित्व आपणच करणार, हा बुंदचा आग्रह फेटाळला गेला. बुंदचे प्रतिनिधी सभात्याग करून गेले, आणि त्यांच्या जाण्यानेच लेनिनच्या गटाला ते बहुमत लाभले ज्यावरून ‘बोल्शेविक’ हे नाव पडले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सहसा तळटीपेत असते.

बुंदचा सिद्धांत यिडिश भाषेतील एका शब्दात मावतो : ‘दोइकाइट’, म्हणजे ‘इथेपणा’. ज्यू कामगार जेथे राहतो, राबतो, कर भरतो, तोच त्याचा देश. त्याची मुक्ती तेथील इतर कामगारांच्या बरोबरीनेच व्हावयाची. समुद्रापलीकडील कोणत्याही भूमीत ती शोधावयाची नाही. तथापि, आपली भाषा, शाळा, रंगभूमी गिळून टाकणारी एकरूपताही बुंदला मान्य नव्हती. पहिल्या महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये या पक्षाने यिडिश शाळांच्या चळवळीत पुढाकार घेतला, क्षयाची लागण झालेल्या मुलांसाठी वॉर्साजवळ आरोग्यधाम उभारले, ज्यूविरोधी गुंडांशी मुकाबला करणारी दले उभी केली. १९३८ च्या अखेरीस झालेल्या नगरपालिका निवडणुकांत वॉर्सासह अनेक शहरांत ज्यू मतदारांचा कौल सर्वाधिक प्रमाणात बुंदलाच मिळाला. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर जगातील सर्वांत मोठ्या ज्यू वस्त्यांपैकी एका वस्तीतील बहुसंख्य मतदार समाजवादी होते आणि झायोनवादी नव्हते.

हे मतदार पाच वर्षांत नाहीसे केले गेले. पोलंडमधील सुमारे तेहेतीस लाख ज्यूंपैकी तीस लाखांच्या घरात लोक मारले गेले. बुंदचे लंडनमधील प्रतिनिधी श्मुल झिगिएलबोइम यांनी दोस्त राष्ट्रांच्या उदासीनतेचा निषेध म्हणून मे १९४३ मध्ये आत्महत्या केली. हेन्रिक एर्लिख आणि व्हिक्टर आल्तर हे दोन थोर नेते नाझींच्या नव्हे, स्टालिनच्या तुरुंगात संपले. बुंदचा पराजय युक्तिवादात झाला, असे म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होय. पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘इथे’ म्हणजे शेवटी ट्रेब्लिंका ठरले. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने दारे लोटून घेतली होती, ब्रिटनने १९३९ मध्ये पॅलेस्टाईनचीही वाट अरुंद केली. वाचलेल्यांनी ‘तिथे’ जाण्याचा हट्ट धरला तो कोणा सिद्धांताच्या प्रेमाने नव्हे. आयझॅक डॉइचर हे जन्माने पोलिश ज्यू आणि विचाराने कट्टर आंतरराष्ट्रीयवादी. त्यांनीही १९५४ मध्ये कबूल केले की, आपण तरुणपणी झायोनवादाला विरोध करण्याऐवजी युरोपातील ज्यूंना पॅलेस्टाईनला जाण्यास सांगितले असते तर काही प्राण वाचले असते.

‘तिथे’ जाणाऱ्यांतही समाजवादी होतेच. बेर बोरोखोव्ह या तरुण मार्क्सवाद्याने मांडणी केली की, ज्यू समाजाचा आर्थिक पिरॅमिड उलटा आहे. शेतकरी व मूलभूत उद्योगांतील कामगार यांचा पाया त्यात नाही, दुकानदार व कारागीर यांचाच भरणा आहे. म्हणून वर्गसंघर्षाला आवश्यक असलेली उत्पादनव्यवस्था मिळविण्यासाठी ज्यूंना स्वतःची भूमी हवी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही मांडणी कल्पक आहे. तिच्यातील उणीव एवढीच की, त्या भूमीत आधीपासून राबणारा अरब शेतकरी त्या पिरॅमिडात कोठे बसतो हे तिने कधी नीट सांगितले नाही.

या उणिवेचे व्यावहारिक रूप म्हणजे ‘हिब्रू श्रमा’चे धोरण. ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण इस्रायलच्या डाव्यांच्या पुढील सर्व दुर्दशेचे बीज तेथे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या ज्यू मजुराला ज्यू मळेवाल्यांकडेच काम मिळेना, कारण अरब मजूर स्वस्त होता. त्याचा अर्धा निर्वाह गावातल्या शेतीवर चाले, म्हणून तो कमी मजुरीत येऊ शके. अशा दुभंगलेल्या श्रमबाजारात कामगार चळवळीपुढे दोनच मार्ग असतात. एक, स्वस्त मजुराला संघटनेत घेऊन त्याची मजुरी वर आणावयाची. दुसरा, त्याला फाटकाबाहेर ठेवावयाचे. पहिल्या मार्गाचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. हैफाच्या रेल्वे कामगारांत १९२० च्या दशकात ज्यू-अरब संयुक्त संघटनेचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही. प्रमुख नेतृत्वाने दुसरा मार्ग पत्करला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या ‘हिस्ताद्रुत’ या कामगार महासंघाने अरब कामगारांना १९५९ पर्यंत पूर्ण सभासदत्व दिले नाही, आणि संस्थेच्या नावातील ‘हिब्रू’ हा शब्द गळावयास १९६६ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या खाणकामगारांनी १९२२ च्या संपात हाच मार्ग धरला होता. ‘भूमिपुत्रां’च्या नोकऱ्यांचे राजकारण मुंबईत पाहिलेल्यांना त्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

हिस्ताद्रुत ही जगातील एक विलक्षण संस्था होती. तिची स्वतःची बांधकाम कंपनी होती, बँक होती, कारखाने होते, दवाखाने होते. स्वातंत्र्यानंतर सरकारखालोखाल तीच सर्वांत मोठी मालक होती. संप करावयाचा तो कोणाविरुद्ध, हा प्रश्न तिच्या सभासदाला पडे. या सामुदायिक वैभवाने भारतातील समाजवाद्यांचे डोळे दिपले होते. १९५३ च्या रंगूनच्या आशियाई समाजवादी परिषदेत बेन गुरियन यांचा ‘मापाई’ पक्ष सहभागी होता. १९५८ मध्ये जयप्रकाश नारायण इस्रायलला जाऊन आले. किबुत्झमधील सामायिक भोजनगृह व सामायिक मालमत्ता यांच्या वर्णनांत आपल्याकडील ग्रामदानाच्या कार्यकर्त्यांना आपलेच स्वप्न दिसत होते, आणि ते पूर्णतः खोटेही नव्हते. परंतु त्याच काळात इस्रायलच्या नागरिकत्वाचा दाखला असलेले अरब लष्करी प्रशासनाखाली राहत होते. परगावी जावयाचे तर त्यांना परवाना लागे. ही व्यवस्था १९६६ पर्यंत चालली. १९५६ मध्ये आशियाई समाजवादी परिषदेचे दुसरे अधिवेशन मुंबईत भरावयाचे होते. त्यासाठी मोशे शारेत भारतात आले असतानाच इस्रायलने ब्रिटन-फ्रान्सशी संगनमत करून सिनाईवर चाल केली. चार महिन्यांपूर्वीपर्यंत परराष्ट्रमंत्री असलेल्या या गृहस्थांना आपल्याच पक्षाच्या सरकारच्या युद्धाची वार्ता परमुलखात कळली. वसाहतवादविरोधी आशियाई समाजवाद आणि मापाईचा समाजवाद यांतील दरी त्या अधिवेशनात झाकता येण्यासारखी राहिली नाही.

त्याहून जुना एक संवाद येथे नमूद केला पाहिजे. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी लिहिले. पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे त्यांनी सांगितले आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा उपदेश केला. त्याला मार्टिन बूबर आणि यहूदा मॅग्नेस यांनी जेरुसलेमहून उत्तरे लिहिली. ही माणसे काही राष्ट्रवादी आक्रमक नव्हती. दोन समाजांचे समान हक्कांचे एकच राज्य व्हावे असे मानणाऱ्या मूठभर लोकांपैकी ते होते. छळछावणीत सत्याग्रहीचे बलिदान पाहावयास साक्षीदार तरी कोण असणार, हा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. गांधीजींचा अरबांविषयीचा निर्णय न्याय्य होता. नाझी राजवटीविषयीचा त्यांचा अंदाज मात्र चुकीचा होता, हे मान्य करण्यास संकोच वाटू नये.

१९६७ च्या युद्धाने वादाला नवे वळण दिले. जून १९६७ मध्ये, मृत्यूपूर्वी दोनच महिने, डॉइचर यांनी एक दृष्टांत दिला : जळत्या घरातून एकाने उडी मारली आणि तो खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर पडून त्याचे हातपाय मोडले. उडी मारणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता. जखमी माणसाचा काही अपराध नव्हता. दोघे शहाणे असते तर एकाने दुःख व्यक्त करून भरपाई केली असती, दुसऱ्याने परिस्थिती ओळखली असती. प्रत्यक्षात उडी मारणारा त्या जखमी माणसालाच लाथा घालू लागला. हा दृष्टांत आजही उद्धृत होतो, आणि त्यावर आक्षेपही घेतला जातो. झायोनवादी वसाहती नाझींच्या आधी पन्नास वर्षे सुरू झाल्या होत्या, तेव्हा घर अद्याप पेटलेले नव्हते, असे पॅलेस्टिनी अभ्यासक दाखवून देतात. आक्षेप वजनदार आहे. रशियातील पोग्रोम लक्षात घेतले तर घरातून धूर तरी नक्कीच निघत होता, एवढेच त्यावर म्हणता येईल.

खुद्द इस्रायलमध्ये त्या विजयोन्मादाच्या काळात बारा जणांनी सही केलेली एक लहानशी जाहिरात सप्टेंबर १९६७ मध्ये ‘हारेत्झ’ या दैनिकात आली. परक्यांवरील ताब्यातून प्रतिकार निर्माण होतो, प्रतिकारातून दडपशाही, दडपशाहीतून दहशत, आणि म्हणून व्याप्त प्रदेश तत्काळ सोडावेत, असा तिचा आशय होता. सही करणाऱ्यांत १९६२ मध्ये कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडलेल्यांनी काढलेल्या ‘मात्झपेन’ गटाचे लोक होते. त्यांची सभासदसंख्या कधीच फारशी वाढली नाही. देशद्रोही म्हणून त्यांना वाळीत टाकले गेले.

पण डाव्यांचा खरा पराभव झाला तो ज्यू कामगारांच्याच वस्त्यांत. मोरोक्को, इराक, येमेन येथून आलेल्या ज्यूंना तंबूंच्या छावण्यांत व सीमेवरील ओसाड नगरांत वसविले गेले. चांगली जमीन व चांगल्या नोकऱ्या युरोपीय ज्यूंकडे राहिल्या. या लोकांच्या लेखी मालक, मुकादम, रोजगार कचेरी आणि समाजवादी पक्ष ही एकाच कुटुंबाची नावे होती. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुस्रारा वस्तीतील तरुणांनी ‘ब्लॅक पँथर्स’ या नावाने बंड केले. त्यांना भेटल्यानंतर पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी ती चांगली मुले नाहीत असा शेरा मारला. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. १९७७ च्या निवडणुकीत मजूर आघाडीच्या जागा ५१ वरून ३२ वर घसरल्या आणि मेनाखेम बेगिन सत्तेवर आले. त्यांना मते देणाऱ्यांत गरीब पौर्वात्य ज्यू फार मोठ्या संख्येने होते.

कोकणातून गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायलींनीही हा अनुभव घेतला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांपैकी काहींनी भेदभावाविरुद्ध धरणे धरले व ते भारतात परतले. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले, तेव्हा त्यांनी दीर्घ लढा दिला. १९६४ मध्ये जेरुसलेममधील धरण्यानंतर ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. आपल्याकडे शनवार तेली म्हणून शतकानुशतके निर्वेधपणे नांदलेल्या माणसांना ज्यू राज्यात आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले.

उरलेली कथा थोडक्यात सांगता येते. १९८४ मध्ये महागाईचा वार्षिक दर चारशे टक्क्यांवर गेला. १९८५ ची स्थिरीकरण योजना मजूर पक्षाच्याच शिमॉन पेरेस यांनी राबविली. तिने किबुत्झांना कर्जाच्या खाईत लोटले व पुढे खासगीकरणाला वाट करून दिली. १९९५ मध्ये अमलात आलेल्या आरोग्यविमा कायद्याने दवाखान्यांसाठी सभासद होण्याची गरज संपली आणि हिस्ताद्रुत ओसरली. ज्या पक्षाने राज्य उभारले त्याला २०२२ मध्ये १२० पैकी ४ जागा मिळाल्या. ‘मेरेत्झ’ हा त्याच्या डावीकडील पक्ष सव्वातीन टक्क्यांची मर्यादाही ओलांडू शकला नाही.

इस्रायलमध्ये ही ओहोटी लागली असता अमेरिकेत भरती आली. १९४६ पासूनची परंपरा असलेले ‘ज्यूइश करंट्स’ हे नियतकालिक २०१८ मध्ये तरुण संपादकांनी नव्या स्वरूपात काढले. जुलै २०२० मध्ये पीटर बाइनार्ट या एकेकाळच्या उदार झायोनवाद्याने त्याच नियतकालिकात दोन राज्यांची कल्पना सोडून समान हक्कांच्या एका राज्याचा पुरस्कार केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. ‘इथेपणा’ हा बुंदचा शब्द ब्रुकलिनमधील तरुणांच्या ओठी पुन्हा आला. अमेरिकेच्या सुरक्षित नागरिकत्वात हा शब्द उच्चारणे १९३८ च्या वॉर्सातल्याइतके अवघड नाही, हेही विसरता येत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ ने या सर्व गटांची परीक्षा घेतली. त्या दिवशी सुमारे १२०० माणसे मारली गेली व २५१ जणांना ओलीस नेले गेले. मृतांत बएरी किबुत्झच्या ७४ वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. त्यांचे आयुष्य ज्यू-अरब सहकार्याच्या कामात गेले होते. गाझातील रुग्णांना इस्रायली रुग्णालयांत पोचविण्याचे काम त्या करीत. अशा हत्येला ‘प्रतिकार’ म्हणून टाळी देणारे काही डावे पाश्चात्त्य विद्यापीठांत निघाले आणि इस्रायलमधील डाव्यांना आपण एकाकी पडल्याचे जाणवले. त्यांचा संताप रास्त होता. बुंदचे मारेक एडेलमान हे वॉर्सा घेट्टोतील उठावाचे एक सेनानी. त्यांनी २००२ मध्ये पॅलेस्टिनी लढवय्यांना उघड पत्र लिहिले होते. त्यात त्यांना लढवय्ये म्हणून बरोबरीने संबोधले होते आणि निःशस्त्र नागरिकांवरील हल्ले थांबविण्याचे आवाहनही केले होते. इस्रायली सरकारला त्यातील पहिली गोष्ट खुपली. परंतु या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात म्हणता येतात आणि समाजवाद्याने म्हटल्याच पाहिजेत. त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझामध्ये, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या गणनेनुसार, सत्तर हजारांच्या घरात माणसे मारली गेली. जुलै २०२५ मध्ये ‘बेत्सेलेम’ या इस्रायली मानवी हक्क संघटनेनेच त्याला वंशसंहार असे नाव दिले.

आज वाद आहे तो मार्गांचा. २०१५ मध्ये स्थापन झालेली ‘स्टँडिंग टुगेदर’ ही ज्यू-अरब संघटना इस्रायली समाजातच बहुमत घडवू पाहते. २०२४ मध्ये गाझाकडे जाणारे धान्याचे ट्रक उजव्या टोळ्यांनी अडविले तेव्हा तिचे कार्यकर्ते त्या ट्रकांच्या रक्षणासाठी उभे राहिले. बहिष्कार चळवळीच्या पॅलेस्टिनी नेतृत्वाने मात्र जानेवारी २०२४ मध्ये तिच्यावरच बहिष्कार पुकारला, कारण व्याप्तीला ती पुरेसा विरोध न करता सारे सुरळीत असल्याचा आभास निर्माण करते असे त्यांचे म्हणणे. बाहेरून दडपण आल्याशिवाय आतील समाज हलणार नाही, हे बहिष्कारवाद्यांचे म्हणणे दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवाशी जुळते. पण आतून दार उघडणारे कोणीच शिल्लक ठेवावयाचे नाही, हे शहाणपणाचे नव्हे. कम्युनिस्टप्रणीत ‘हदाश’ आघाडीचे ज्यू खासदार ओफर कासिफ यांनी दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात केलेल्या दाव्याला पाठिंबा दिला. त्यांना संसदेतून हाकलण्याच्या ठरावाला फेब्रुवारी २०२४ मध्ये ८५ मते पडली. ९० हवी होती. त्यांचे सदस्यत्व पाच मतांनी वाचले.

ज्यूद्वेषाच्या व्याख्येवरूनही असाच झगडा आहे. २०१६ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या आणि तिच्यासोबतची उदाहरणे इस्रायलच्या टीकाकारांवर सोटा म्हणून वापरली जातात. तिच्या मसुद्याचे प्रमुख कर्ते केनेथ स्टर्न यांनीच त्या वापराला विरोध केला आहे. उत्तरादाखल अनेक ज्यू विद्वानांनी २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. मात्र ज्यूद्वेष ही केवळ उजव्यांची व्याधी आहे असे समजून डाव्यांनी हात झटकू नयेत. १९५२ मध्ये मॉस्कोत यिडिश लेखकांना गोळ्या घातल्या गेल्या, प्रागच्या स्लान्स्की खटल्यात आरोपींचे ज्यूपण मुद्दाम अधोरेखित केले गेले, १९६८ मध्ये पोलंडच्या सत्ताधारी पक्षाने ‘झायोनवादी’ या शब्दाआडून उरल्यासुरल्या ज्यूंना देशोधडीला लावले. या तिन्ही ठिकाणी लाल निशाण फडकत होते.

भारतीय कामगार चळवळीला हा विषय दूरचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रोखले. त्याआधी दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये, मुख्यतः बांधकामावर, राबत होते. त्यांच्या जागी भारतीय मजूर नेण्याचा करार दोन्ही सरकारांनी केला आणि जानेवारी २०२४ मध्ये हरियाणा व उत्तर प्रदेशात भरतीच्या रांगा लागल्या. हिंद मजदूर सभेसह केंद्रीय कामगार संघटनांनी त्याला आधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, विरोध नोंदविला होता. शंभर वर्षांपूर्वी स्वस्त अरब मजुराला फाटकाबाहेर ठेवण्यासाठी युरोपातून आलेला ज्यू मजूर उभा केला गेला. आता त्या फाटकात बेकारीने गांजलेला भारतीय तरुण उभा आहे. त्याला दोष देता येत नाही. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेलगत शेतावर काम करणारा केरळचा एक कामगार क्षेपणास्त्राने ठार झाला. इस्रायलमध्ये २००७ पासून ‘कोआह ला-ओव्दिम’ ही हिस्ताद्रुतबाहेरची, ज्यू व अरब कामगारांना एकत्र घेणारी संघटना आहे. परदेशी मजुरांच्या तक्रारी हाताळणारी ‘काव ला-ओवेद’ ही संस्था तिच्याहूनही जुनी आहे. भारतीय संघटनांनी या दोहोंशी थेट पत्रव्यवहार सुरू करून तेथे गेलेल्या कामगारांचे करार, मजुरी आणि विमा यांची माहिती मागवावी, आणि पॅलेस्टिनी बांधकाम कामगारांच्या संघटनांनाही त्या पत्रव्यवहाराच्या प्रती पाठवाव्यात.